मामा तलावाचे भाचे

भंडारा जिल्ह्यात मामांचे तलाव जागोजाग आहेत, भाचे मात्र कुठेच सापडत नाहीत. वर्तमानपत्रात मामा तलावांच्या खोलीकरणाची बातमी येते, सभेत मामा तलावांतल्या गाळाचा प्रश्न निघतो, आणि पश्चिम महाराष्ट्रातून नुकताच बदलून आलेला एखादा साहेब मनाशी म्हणतो, की या भागातले मामा भलतेच दानशूर दिसतात. मूळ नाव आहे ‘माजी मालगुजारी तलाव’. मालगुजार म्हणजे इंग्रजी अमदानीत गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा गावमालक. तलाव त्याच्या ताब्यात असत, पण त्यांतले कित्येक त्याच्याहून जुने, गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या माणसांनी धानासाठी बांधलेले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथे 1950 चा कायदा आला, मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्यामागे ‘माजी’ लागलं. सरकारी कागदावर दर वेळी एवढं कोण लिहीत बसणार? ‘मा. मा. तलाव’ झालं. मग टिंबं गळाली आणि नात्यागोत्यात कुणीच नसलेला मामा जन्माला आला. तलाव तोच, पाळ तीच, पाणीही तेच, आणि उन्हाळ्यात नसतं तेव्हा नसलेलं पाणीही तेच. फक्त नावं दोन.

संगणकाच्या स्क्रिप्ट लिहिणारी मंडळी याच उद्योगाला व्हेरिएबलचं एलियस काढणं म्हणतात, आणि त्यावर अशा चेहऱ्यानं बोलतात की जणू हे दुखणं त्यांच्याच घरात पहिल्यांदा आलं. मराठीनं हा प्रश्न एका शब्दात मिटवून ठेवला आहे: ऊर्फ. शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘या नावानं ओळखला जाणारा’. आपण तो ‘ऊर्फ’ लिहितो, शेजारची हिंदी ऱ्हस्व ‘उ’ काढते, म्हणजे ऊर्फलाही ऊर्फ आहेच. या लेखाचं म्हणणं एवढंच, की एका वस्तूला दोन नावं असल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. एका नावानं जाऊन वस्तूत फेरफार करायचा आणि दुसऱ्या नावावर विसंबून बसलेल्याला कळवायचं नाही, यानं बिघडतं. हे भंडारा जिल्ह्यातल्या साध्या कागदपत्रांना जेवढं कळलेलं आहे, तेवढं भल्याभल्या प्रोग्रॅमिंग भाषांना कळलेलं नाही.

पायथन घ्या. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2008 पासून, व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात. हुकूम रोमनमध्येच सोडावे लागतात, पण ती सवय आपल्याला दीडशे वर्षं आहेच. तर तिथे ‘गोंदिया = भंडारा’ असं लिहिलं, की शाळेत गणित शिकलेला कुणीही म्हणेल, भंडाऱ्याकडे जेवढं होतं तेवढं गोंदियालाही मिळालं. पायथनला तसं वाटत नाही. तिच्या लेखी तालुक्यांची यादी ही एकच वस्तू, तिच्यावर आधी एक पाटी होती, आता दोन झाल्या. आता 1 मे 1999 चा दिवस आठवा. त्या दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आजच्या हिशेबानं दोन्हीकडे मिळून 15 तालुके, 7 इकडे आणि 8 तिकडे. समजा, तो आदेश एखाद्या उत्साही माणसानं पायथनमध्ये काढला असता. पहिल्या ओळीत ‘भंडारा’ नावाची पंधरा तालुक्यांची यादी. दुसऱ्या ओळीत ‘गोंदिया = भंडारा’. तिसऱ्या ओळीपासून वाटणी: भंडाऱ्यातून तिरोडा काढा, आमगाव काढा, देवरी काढा, असं करत आठही काढले. सात उरले, हिशेब चोख. मग गोंदियाच्या यादीकडे वळायचं आणि तिच्यातून साकोली काढायची, तुमसर काढायचं, पवनी काढायची, असे सात. संध्याकाळी मोजदाद केली तर गोंदियात शून्य तालुके आणि भंडाऱ्यातही शून्य. संगणकानं दिवसभरात एकदाही कुरकुर केलेली नसते, कारण त्याच्या दृष्टीनं तक्रारीजोगं काही घडलेलंच नसतं. जे काढायला सांगितलं ते त्यानं काढलं. आपल्याला नक्कल हवी होती आणि आपण पाटी लावून आलो, एवढीच काय ती बाब.

नक्कल काढली म्हणजे सुटलो, असंही नाही. पायथनमध्ये नकलेच्या दोन जाती आहेत, एक उथळ आणि दुसरी खोल. उथळ नकलेत यादीचा कागद नवा होतो, पण आतल्या वस्तू जुन्याच राहतात. दोन्ही कागदांवरून बोट त्यांच्याकडेच जातं. 1999 ची वाटणी तपासली तर ती उथळ नक्कल होती असं म्हणावं लागेल. जिल्हाधिकारी दोन झाले, शिक्के दोन झाले, गाड्यांच्या नंबरांच्या मालिका दोन झाल्या, आणि वैनगंगा एकच राहिली. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं तेव्हा ते गोंदियाच्या यादीतून आलं की भंडाऱ्याच्या, हे नदीनं विचारलं नाही. भंडारा शहरात ते घरांत शिरलं. प्रशासकीय वाटणी करणाऱ्यांचा यात दोष नाही. नदीची खोल नक्कल अजून कुणालाच जमलेली नाही. पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ही सबब नाही. त्याच्या भाषेत खोल नकलेची सोय असते आणि तरीही तो उथळावर भागवतो, कारण तिला एक शब्द कमी लागतो.

आता उतारूंसाठी एक सूचना. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीनं भंडाऱ्याला निघालात, तर ‘भंडारा रोड’ अशी पाटी दिसते आणि माणूस बॅग घेऊन खाली उतरतो. उतरल्यावर कळतं की आपण वरठीत आहोत. भंडारा शहर तिथून दहा-एक किलोमीटर लांब. पुढे तुमसरला जायचं म्हणून ‘तुमसर रोड’ला उतरणारा माणूस देव्हाडीत उतरलेला असतो. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ या शेपटीचा अर्थ रस्ता असा घेऊ नये. ‘तुम्ही म्हणता ते गाव इथे नाही, पण इथून जाता येतं’ असा तो घ्यावा. प्रोग्रॅमिंगमध्ये ज्याला रेफरन्स म्हणतात तो हाच, आणि त्याची इतकी स्वच्छ व्याख्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही. रेफरन्स म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूकडे जाणारा ऑटो जिथे मिळतो ती जागा. पीएचपी या भाषेत नावाच्या आधी गाठ मारलेल्या सुतळीसारखं एक चिन्ह काढतात, त्याचं मराठी भाषांतर मी खुशाल ‘रोड’ असं करीन. ते चिन्ह असलं की हातात पत्ता असतो आणि नसलं की खुद्द माल. रेल्वेनं निदान पाटीवर ‘रोड’ लिहिण्याचा प्रामाणिकपणा केला. पायथन तेवढंही करत नाही. तिथे प्रत्येक नावच मुळात कसल्या ना कसल्या रोडवर उभं असतं आणि पाटीवर मात्र गावाचंच नाव.

पीएचपीनं ‘रोड’ लिहिण्याची सोय केली म्हणून तिला शहाणी म्हणावं, तर तिचाही एक प्रताप जवळून पाहण्यासारखा आहे. यादीत तीन गावं घ्या: साकोली, लाखनी, पवनी. एकेका गावाकडे जाऊन काही दुरुस्ती करायची म्हणून फेरी काढायची आणि फेरीतल्या तात्पुरत्या नावाला, समजा ‘गाव’ला, ती गाठ मारायची. म्हणजे पहिल्या वेळी ‘गाव’ हे साकोलीचं ऊर्फ, मग लाखनीचं, मग पवनीचं. दुरुस्ती झाली, फेरी संपली. लग्न आटोपल्यावर मांडव सोडतात, तसं इथे ‘गाव’ हे नाव सोडायचं असतं. ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ‘गाव’ पवनीला चिकटून बसतं. पुढे कधीतरी तीच यादी नुसती वाचून दाखवायची म्हणून दुसरी फेरी निघते, साधी, गाठ न मारलेली, आणि नाव पुन्हा ‘गाव’च. साकोली वाचायला घेतली की ती ‘गाव’मध्ये ठेवली जाते, आणि ‘गाव’ म्हणजे अजून पवनीची जागा, म्हणून पवनीच्या जागी साकोली बसते. मग लाखनी वाचली, ती त्याच जागेवर साकोलीला उठवून बसली. तिसऱ्यांदा पवनी वाचायला गेलो तर तिथे लाखनी हजर. यादी झाली: साकोली, लाखनी, लाखनी. ज्या पवनीत 1969-70 च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले, जी मौर्य, सातवाहन, गोंड, भोसले आणि इंग्रज या सगळ्यांना पुरून उरली, ती दोन फेऱ्यांत नकाशावरून गेली, आणि तीही वाचून दाखवताना. नुसतं वाचल्यानं गाव नाहीसं होतं, ही भीती जुन्या पोथीवाल्यांनीही कधी घातली नव्हती.

मग ओळखायचं कसं, की समोरच्या दोन नावांमागे वस्तू एक आहे की दोन? इथे तहसिलीच्या दाराशी बसणाऱ्या अर्जनवीसांकडून शिकण्यासारखं आहे. मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक असतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं लिहिलं जातं. शिधापत्रिकेवर घरात हाक मारतात ते तिसरं येतं. आणि आधार कार्डावर ज्यानं टाइप केलं त्याच्या मर्जीनं चौथं. अशा वेळी प्रतिज्ञापत्र करतात आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: सदर सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत. या वाक्यात काय काय टाळलं आहे ते पाहा. ‘सारख्या व्यक्तींची’ म्हटलेलं नाही, ‘समान’ही म्हटलेलं नाही, ‘एकाच’ म्हटलं आहे. पायथनमध्ये हे दोन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. दोन बरोबरची चिन्हं लागोपाठ काढली की विचारणा होते, ‘हे त्याच्यासारखं आहे का?’ आणि ‘इज’ लिहिलं की विचारणा होते, ‘हे तेच आहे का?’ तुमसरच्या तांदळाची दोन पोती एकसारखी असू शकतात, पण एकाला उंदीर लागला म्हणून दुसऱ्याला भोक पडत नाही. पोतं एकच असेल आणि त्याच्यावर दोन चिठ्ठ्या असतील तर दोन्ही चिठ्ठ्यांचे मालक सारखेच बुडाले. नवशिके प्रोग्रॅमर हे दोन प्रश्न वर्षानुवर्षं एकमेकांत घोळवतात. अर्जनवीस घोळवत नाही, कारण त्याला शिक्का मिळवायचा असतो. बॅश या भाषेनं एका नावाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला लावण्याची रीतसर सोय 2014 साली केली, आणि ती करताना ‘मी जाहीर करतो की’ अशा अर्थाचा शब्द आधी लिहायची अट घातली. स्टॅम्पपेपर तेवढा मागितला नाही.

आतापर्यंतची सगळी उदाहरणं एका वस्तूच्या दोन नावांची झाली. माझ्या मते ती सौम्य व्याधी. खरी जिवावरची ती उलट बाजू, एका नावाच्या अनेक वस्तू. पवनीजवळचं वैनगंगेवरचं धरण बघा. भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झालं, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा 2009 मध्ये मिळाला, दारं 33, लांबी 11 किलोमीटरांहून जास्त. नाव गोसेखुर्द, कुणी गोसीखुर्द म्हणतं. ‘खुर्द’ म्हणजे फारसीत लहान, तेव्हा एवढ्या अवाढव्य भिंतीचं नाव ‘लहान गोसे’ हा योगायोगच म्हणायचा. इथवर ठीक, दोन्ही नावं एकाच भिंतीची. पण अधिकृत नाव आहे इंदिरासागर. आणि इंदिरासागर म्हटलं की मध्य प्रदेशातला माणूस नर्मदेवरचं धरण समजतो, आंध्रातल्या पोलावरमलाही एकेकाळी तेच नाव जोडलेलं होतं. नागपूरची कथा याच चालीवरची: शुक्रवारी तलाव, जुम्मा तलाव आणि गांधीसागर ही एकाच पाण्याची तीन नावं, त्यातली पहिली दोन तर एकमेकांची भाषांतरं, पण गांधीसागर म्हणाल तर चंबळेवरचं धरणही हात वर करतं. जुम्मा आणि शुक्रवारी यांनी आजवर कुणाला बुडवलं नाही. ‘सागरची दारं उघडली’ एवढाच निरोप मात्र कुणाला कुठल्या काठावरून पळायला लावील, सांगता येत नाही.

खुद्द ‘भंडारा’ हेच नाव घ्या. रतनपूरच्या इसवी सन 1100 च्या शिलालेखात ते ‘भाणारा’ असं येतं, असं सांगतात. भाणारावर समाधान मानलं असतं तर नाव एकुलतं एक राहिलं असतं. तेवढी बुद्धी झाली नाही, आणि आता भंडारा म्हणजे जेजुरीला उधळतात ती हळद, भंडारा म्हणजे देवळातलं गावजेवण, भंडारा म्हणजे देहूजवळचा तुकोबांचा डोंगर, आणि शिल्लक राहिलंच तर जिल्हा. ‘सगळे भंडाऱ्याला गेलेत’ असं शेजारणीनं सांगितलं, तर ते जेवून येणार आहेत की तहसिलीतून उपाशी परत येणार आहेत, हे संदर्भानंच कळायचं. संगणकवाले या संदर्भाला स्कोप म्हणतात आणि तो लावण्यासाठी महिरपी कंस काढतात. जिल्ह्यातल्या गावांनी एका तिरप्या रेघेवर काम भागवलं. मुरमाड्या दोन, म्हणून मुरमाडी/सावरी आणि मुरमाडी/तुपकर. केसलवाडे दोन, म्हणून केसलवाडा/वाघ आणि केसलवाडा/पवार. पिंपळगाव तर महाराष्ट्रात किती आहेत याची मोजदाद देवालाच ठाऊक, म्हणून इथलं एक पिंपळगाव/सडक आणि दुसरं पिंपळगाव/कोहळी. बातम्यांतही ही रेघ अशीच छापतात. युनिक्समध्ये फाइलचा पत्ता याच तिरप्या रेघेनं लिहितात; फरक इतकाच, की तिथे आधी घराणं येतं आणि मग पोर, इथे आधी पोर येतं आणि मग ते कुणाच्या दारचं ते कळतं. शेजारच्या जिल्ह्यात तर दोन तालुके अर्जुनीच, एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरा सडक अर्जुनी. एकानं ओळख पाठीमागे लावली, दुसऱ्यानं पुढे. एकाच जिल्ह्यात दोन पद्धती कशाला, असं विचारू नये. प्रोग्रॅमरांच्या एकाच कचेरीतल्या दोन टेबलांवरही यापेक्षा जास्त एकमत नसतं.

यावर शिस्तीचे भोक्ते म्हणतील, की एवढा काथ्याकूट कशाला, एका वस्तूला एकच नाव ठेवा आणि ते कधी बदलू नका. ऐकायला छान वाटतं. पण ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव पानात चौदा वेळा लिहिणारा माणूस पंधराव्या वेळी काहीतरी चुकवणारच. ‘माजी’ची ‘माझी’ झाली तर सरकारी तलावावर वैयक्तिक मालकी सांगितल्यासारखं होईल. लहान नाव हे आळसाचं लक्षण खरं, पण चुका टाळणारा आळस मी सद्गुणात धरतो. पायथनवाले आकडेमोडीचं नम्पाय हे मोठं गाठोडं उघडतानाच त्याला ‘एनपी’ म्हणतात, जगभर सगळे एनपीच म्हणतात, आणि त्यामुळे कुणाचा घोटाळा होत नाही. मामा तलावाचं तेच आहे: साकोलीच्या पानठेल्यावर उभा असलेला कुणीही त्याचा अर्थ सांगेल. शिवाय एकच नाव म्हणजे कुणाचं? इथल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’; तिथे पाण्याला पानी म्हणतात, डोळ्याला डोरा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, तो एका अर्थानं एलियसांचा तक्ताच आहे, आणि त्यात कुणी ‘चुकीची नावं’ असं सदर घातलेलं नाही. जुनं नाव पुसून टाकायचं म्हटलं तर त्याच्यावर विसंबून असलेलं सगळं कोसळतं, हेही आहेच. मुंबईचं इंग्रजी नाव 1995 मध्ये बदललं, पण भंडाऱ्याचा पक्षकार हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जातो तेव्हा इंग्रजी कागदावर अजून बॉम्बेच असतं. तिथे कुणाला अडाणीपणा दिसत नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये जुनं नाव ऊर्फ म्हणून ठेवणाऱ्याला मात्र आपण मागासलेला म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो हॅस्केलसारख्या भाषांच्या भक्तांकडून येतो. ते म्हणतात, दोष नावांचा नाहीच, बदलण्याचा आहे. वस्तू एकदा घडली की बदलूच देऊ नका, मग तिला शंभर नावं असोत. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच निरुपयोगी वाटतं. पवनीच्या किल्ल्याला दहा नावं दिली तरी कुणाचं पीक जाणार नाही, कारण तिथे रोज काही बदलत नाही. पण स्क्रिप्ट हा प्रकार जन्मालाच बदलासाठी येतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीला ‘आहे तशी राहा’ म्हणून भागत नाही. महसूल खात्याला हे कळलेलं होतं. जमिनीच्या हक्कात बदल होणारच हे धरून त्यानं त्यासाठी वही काढली, तिला नाव दिलं फेरफार, आणि इंग्रजीत त्याला जो शब्द आहे तोच शब्द प्रोग्रॅमर आज वस्तू बदलण्यासाठी वापरतात: म्युटेशन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. तिच्या कलम 150 प्रमाणे फेरफार नोंदवहीत आला की त्याची प्रत चावडीवर लागते आणि त्या जमिनीत ज्याचा ज्याचा हितसंबंध नोंदलेला आहे त्याला लेखी कळवावं लागतं. हरकत आली तर ऐकून घेतात, मगच नोंद पक्की होते. म्हणजे एका जमिनीवर पाच नावं असली तरी चालतात, पण एकानं गुपचूप काही करून इतर चौघांना सातबारा काढतानाच धक्का द्यायचा, याला मज्जाव. ही तजवीज पायथनमध्ये नाही आणि पीएचपीतही नाही. तिथे पवनीच्या जागी लाखनी बसते आणि नोटीस कुणालाच जात नाही. ही वही ठेवणाऱ्याला विदर्भात पटवारी म्हणत, कागदोपत्री तो तलाठी होता आणि आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे. तीन नावं झाली, वही एकच राहिली, आणि शेतकरी अजून बरोबर त्याच माणसाकडे जातो.

राहता राहिले ते टीप लिहिणारे. त्यांचं म्हणणं, नाव कसंही ठेवा, शेजारी एक टीप टाका की हे अमक्याचं ऊर्फ आहे. सातबारावरचा ऊर्फ पाहिला तर हे म्हणणं कुठे लंगडं पडतं ते दिसतं. तिथे ‘बाल्या ऊर्फ बाळकृष्ण’ हे एकाच रकान्यात, एकाच ओळीत असतं. एक नाव वाचून दुसरं टाळताच येत नाही. टीप मात्र खाली असते, बाजूला असते, आणि नाव बदललं तरी ती बदलायची राहून जाते. ‘माजी’ हा शब्दसुद्धा एक टीपच होती. मालगुजारी जाऊन पाऊणशे वर्षं होत आली, ज्याला मालगुजार आठवतो असा माणूस शोधावा लागेल, पण तलाव अजून ‘माजी’च आहेत, त्यांना आजी व्हायची परवानगी कुणी दिली नाही. तेव्हा ऊर्फ काढायचा तर जन्माच्या ओळीतच, दोन्ही नावं खांद्याला खांदा लावून. लांबलचक होतं, हे कबूल. एकदाच करायचं असतं.

न केल्यास काय होईल, त्याचा अंदाज बांधता येतो. उद्या या तलावांच्या हिशेबासाठी कुणीतरी स्क्रिप्ट लिहील आणि तिच्यात ‘मामा’ नावाचं व्हेरिएबल असेल, खुलासा नसेल, कारण लिहिणारा लाखनीचा आणि त्याला त्यात खुलासा करण्यासारखं काही दिसलेलं नसेल. पाचेक वर्षांनी दुसरा माणूस येईल, सांगली-साताऱ्याकडचा, हुशार. त्याला नव्या शेततळ्यांसाठी नाव हवं असेल. तो वरच्या ओळी वाचेल, इथली रीत काय ते समजून घेईल आणि शेततळ्यांना ‘काका’ म्हणेल. त्याच्यानंतरचा बोड्यांना, म्हणजे छोट्या तळ्यांना, ‘मावशी’ म्हणेल. घराण्याचं पाणी असं नीट वाटलं गेल्यावर एखाद्या तपासणीत साठ्याचा मेळ बसणार नाही, आणि शोधता शोधता सापडेल की ‘काका’ ही ‘मामा’ची नक्कल नव्हतीच, नुसतं ‘काका = मामा’ केलेलं होतं. मग मराठीत ज्या एका नातेवाइकाच्या ऊर्फाची अट आधीपासून लिहून ठेवलेली आहे, तिची आठवण निघेल, आणि कुणीतरी गंभीरपणे विचारील, की आत्याबाईंना मिशा आहेत की नाहीत हे कोणत्या ओळीत तपासलं आहे.